चार वर्सां

मोठ्या नानीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मनीऑर्डरची अकरा कुपनं होती. पोस्टमन पैसे मोजून देऊन गेला की फॉर्मचा जो चतकोर तुकडा घेणाऱ्याच्या हातात राहतो, तो. त्यावर मजकुरासाठी दोन-तीन ओळींची जागा. अकराही कुपनांवर मजकूर जवळपास एकच, पण अक्षर दर वेळी वेगळं, कारण पाठवणाऱ्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं: इकडे सर्व खैरियत, तुमची खैरियत कळवावी. शेवटच्या कुपनावर मुंबईचा शिक्का आणि साल १९३४.

मोठी नानी म्हणजे माझ्या नानीची थोरली बहीण. आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, चिपळूणच्या खालच्या अंगाला. तेव्हा घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. दाभोळला आगबोट धरायची, मुंबईत डोंगरीला गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायची आणि गोदीत नाव लागेपर्यंत थांबायचं. मोठ्या नानीचा नवरा आगवाला होता. बोटीच्या पोटात, भट्टीसमोर कोळसा ओढणाऱ्यांना आगवाले म्हणत. लग्न झालं तेव्हा ती सोळाची. पुढच्या तीन वर्षांत तो दोनदा घरी आला. तिसऱ्यांदा गेला तो गेलाच. बोट बुडाल्याची बातमी नाही, मेल्याचा कागद नाही, कुठल्या परक्या बंदरात त्याला पाहिलं असं सांगणारा कोणी नाही.

नानी ही गोष्ट पडवीत सोडे निवडता निवडता सांगायची. थोडं सांगायची, मग बराच वेळ नुसती सुपातली बोटं हलायची. आम्ही पोरं पुढचं ऐकायला थांबलेलो असायचो आणि तिला ते ठाऊक असायचं.

दोन वर्षांनी सासरच्यांनी मोठ्या नानीला माहेरी आणून सोडलं. भांडण झालं नाही. त्यांचीही खाणारी तोंडं फार होती. आणखी दोन वर्षांनी खेडच्या बाजूच्या एका बिजवराचं स्थळ आलं. चांगला माणूस, पदरी एक लहान मुलगा. माझे पणजोबा मशिदीच्या खतीबाकडे विचारायला गेले. खतीब माणूस वाईट नव्हता, हे नानी प्रत्येक वेळी न चुकता सांगायची. त्यांनी किताब काढली, वाचली, आणि सांगितलं की नवरा मेल्याची खात्री नाही, त्याने तलाक दिलेला नाही, म्हणजे ही त्याच्या निकाहात आहे. पणजोबांनी विचारलं, किती दिवस? खतीब म्हणाले, त्याच्या वयाची माणसं मरून सरेपर्यंत.

बिजवराने दुसरीकडे लग्न केलं. मोठी नानी १९८१मध्ये गेली, तोवर आमच्या घरी होती. तिचे हात मला आठवतात. भाकरी थापताना ती परातीकडे बघायची नाही, खाडीकडे बघायची.

नानीच्या तोंडून ऐकलेलं खतीबाचं ते वाक्य मला पुढे कायद्याच्या पुस्तकात भेटलं. जुन्या हनफी पंडितांनी बेपत्ता नवऱ्याचा हिशोब असाच मांडला होता: त्याच्या पिढीतली माणसं संपेपर्यंत, किंवा तो नव्वदीला पोचला असता तोपर्यंत, बायकोने थांबायचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडचं प्रचलित मतही याहून फारसं सैल नव्हतं. मालिकी पंथात मात्र चार वर्षांची मुदत होती. चार वर्षं वाट पाहायची, मग विधवेसारखी चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे थांबण्याची मुदत, की बाई मोकळी. एकच धर्म, एकच कुराण. मोरोक्कोतल्या बाईला चार वर्षं आणि वाशिष्ठीकाठच्या बाईला जन्म. खुद्द कुराणाच्या चौथ्या सूरेत, अनेक बायका असणाऱ्या नवऱ्याला बजावताना, कुणा एकीला अधांतरी लटकत ठेवू नका असं सांगितलं आहे. त्या शब्दाचा अर्थ मला शिकवावा लागला नाही. मी त्याच घरात वाढले होते.

अशा लटकलेल्या बायका फक्त कोकणात नव्हत्या. नवरा नांदवत नाही, पोसत नाही आणि सोडतही नाही अशा बायकांना हनफी कायद्यात काझीकडून सुटका मिळणं जवळपास अशक्य होतं. इंग्रजी कोर्टंही तोच कायदा लावत. मग पंजाबात बायकांनी एक भयंकर वाट शोधली. त्या धर्म सोडल्याचं जाहीर करू लागल्या. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. नकोशा नवऱ्यापासून सुटायला श्रद्धेवर पाणी सोडावं लागतं, याबद्दल कवी इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत जाहीर प्रश्न विचारला. देवबंदी परंपरेतले मोठे आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांनाही ते सहन झालं नाही. त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांशी पत्रव्यवहार केला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक ग्रंथ लिहून सांगितलं की अशा अडचणीत हनफींनी मालिकी मत घ्यावं. त्याच विचारावर काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी १९३६मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १७ मार्च १९३९ रोजी मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला.

मला या कायद्याचा अभिमान आहे, आणि तो का ते सांगते. मुसलमान बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागण्याचा हक्क देणारा हा कायदा मौलवींच्या पुस्तकातून निघाला, मुसलमान सभासदाने मांडला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, सात वर्षांची कैद झाली असेल, तीन वर्षं नवरेपण पाळत नसेल, मारहाण करत असेल, तिची मालमत्ता विकत असेल, तिला नमाज-रोजा करू देत नसेल, तर तिला सुटका मागता येते. शरियतला हात लावता येत नाही असं जे आम्हाला पुढे प्रत्येक वळणावर ऐकवलं गेलं, त्याचं उत्तर १९३९मध्येच लिहून झालेलं होतं.

रत्नागिरीच्या कॉलेजात मी हा कायदा पहिल्यांदा वाचला ते साल १९९३. पुस्तकात जेमतेम दोन-तीन पानं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि नानीला मराठी करून वाचून दाखवला. तिने सूप बाजूला ठेवलं.

“चार वर्सां?”

“हो. चार वर्षं पत्ता नसेल तर कोर्ट सोडवतं.”

“डबा आण.”

डब्यातलं सगळ्यात वरचं कुपन तिने डोळ्यांशी धरलं. तिला अंक वाचता येत. मग बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. दोनदा मोजलं.

“म्हणजे बाय, कायदा आला तवा ती चोवीस वर्सांची होती.”

मी तिला उरलेलंही सांगितलं, कारण अर्धं सांगणं मला बरं वाटेना. हुकूम झाल्यावर सहा महिने तो अंमलात येत नाही. तेवढ्यात नवरा परतला आणि नांदवायला तयार झाला तर कोर्ट हुकूम मागे घेतं. नानी म्हणाली, “सा महिने थांबली असती. तिला थांबायची सवय होती.” आणि बऱ्याच वेळाने: “कोर्ट खंयचा? चिपळूणचा? आमी तर चिपळूणला चालत बाजाराला जायचो गो.” शाळामास्तर होते, तलाठी होता, पोस्टमन तर रोज दारावरून जायचा, एकेकाचं नाव घेऊन ती म्हणत राहिली, कुणीच सांगितलं नाही. खतीबाचं नाव घेताना ती थांबली. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार, असं म्हणाली.

तेव्हापासून कायद्याचं कुठलंही पान उघडलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे कुणाकुणाच्या कानावर गेलं?

कारण नानीला हक्काच्या गोष्टी ठाऊक होत्या. त्या गोष्टीच्या रूपात ठाऊक होत्या. लहानपणी ती आम्हाला बागेची गोष्ट सांगायची. मदिनेत साबित इब्न कैस नावाचे एक सहाबी, पैगंबरांचे सोबती, होते. त्यांची बायको पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या दीनदारीत खोट नाही, स्वभावातही नाही, पण मी त्याच्याबरोबर राहू शकत नाही. पैगंबरांनी विचारलं, मेहेर म्हणून त्याने दिलेली बाग परत करशील? ती म्हणाली, करीन. पैगंबरांनी साबितना सांगितलं, बाग घे आणि हिला सोड. नानीच्या गोष्टीतल्या त्या बागेत नारळी-पोफळी होत्या, पाटाचं पाणी होतं, कुंपणाला अबोली होती. मदिनेत खजुराची झाडं असतात हे मला फार उशिरा कळलं. आणि बुखारीच्या संग्रहातली ही हदीस म्हणजेच ‘खुला’चा, बाईने मागून घ्यायच्या तलाकचा पाया, हेही उशिराच. नानीला गोष्ट येत होती. खुला हा शब्द तिला माहीत नव्हता. गोष्टीतल्या बाईला कुणीही कारण विचारलं नाही, पुरावा मागितला नाही. पुढच्या शास्त्रकारांनी मात्र खुलाला नवऱ्याची संमती जोडली आणि हक्काची विनंती झाली. ही संमती लागत नाही, असं केरळच्या उच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं तेव्हा मला आधी ती बाग आठवली.

आता खालाचं, म्हणजे मावशीचं.

माझी धाकटी खाला १९७९मध्ये लग्न होऊन पलीकडच्या गावात गेली. नवरा कुवेतला. आगबोटी बंद होत आल्या होत्या, पण माणसं जातच होती, फक्त आता विमानाने. १९८४च्या पावसाळ्यात तिच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. तिने पोस्टमनला सही दिली, उंबऱ्यातच पाकीट फोडलं. आत एक कागद, त्यावर ‘तलाक’ हा शब्द तीनदा. खाली मेहेरचे पाचशे एक रुपये आणि इद्दतीचा तीन महिन्यांचा खर्च मनीऑर्डरने पाठवल्याचं लिहिलेलं. जमातीतल्या एकाने तिला सांगितलं, तू सही देऊन घेतलंस ना, मग तलाक लागला. खालाने हे किती वर्षं मनात ठेवलं! सही केली नसती तर मी सुटले असते, असं तिला वाटायचं. रजिस्टरच्या सहीचा आणि तलाकचा काही संबंध नाही हे तिला कुणी समजावलं नाही.

तलाकची खरी रीत कशी आहे? दोघांत बिनसलं तर आधी दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ बसवायचा, हे कुराणात स्पष्ट आहे. तरी जमलं नाही तर बायकोच्या पाळीनंतरच्या शुद्ध काळात एकदा तलाक म्हणायचा. मग इद्दत, तीन पाळ्या, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या मुदतीत तिने त्याच घरात राहायचं, तिचा खर्च त्याने करायचा, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर शब्द मागे घेऊन संसार पुन्हा सुरू. राग शमायला, मूल असेल तर कळायला, माणसांना बोलायला जागा ठेवणारी ही रचना आहे. एका दमातले तीन तलाक त्या सगळ्या जागेवर कुऱ्हाड घालतात. म्हणून त्याला ‘तलाक-ए-बिदअत’ म्हणतात, नंतर घुसलेला प्रकार. तो पाप आहे असं त्याला मानणारेही म्हणत आले, आणि तरी लागू होतो असंही म्हणत आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयासमोर सराबाई आणि राबियाबाई यांचा खटला आला. न्यायमूर्ती बॅचलर यांनी निकाल दिला की हा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्याने चांगला. हे वाक्य शंभर वर्षांहून अधिक काळ वकील म्हणत राहिले. खालाच्या उंबऱ्यातल्या पाकिटात तेच वाक्य होतं.

खाला माहेरी आली. मोठ्या नानीची जागा तीन वर्षांपूर्वी रिकामी झाली होती. तिचीच गोधडी खालाने अंगावर घेतली.

१९८५च्या एप्रिलमध्ये इंदूरच्या शाहबानोंचा निकाल लागला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलेली बाई, नवरा नामांकित वकील, आणि उच्च न्यायालयाने ठरवलेली पोटगी महिन्याला १७९ रुपये २० पैसे. आपले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश होते. त्यांच्या पीठाने ती पोटगी कायम केली. आमच्या घरी रेडिओवर ते ऐकलं आणि नाना खालाला घेऊन चिपळूणला वकिलाकडे गेले. अर्ज दाखल झाला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. देशभर मोर्चे निघाले, शाहबानोंवर इतका दाब आला की त्यांनी जाहीर पत्रक काढून स्वतःच्याच बाजूचा निकाल नाकारला. सत्तरीच्या बाईने ते कसं लिहून दिलं असेल याचा विचार मी आजही सहज करू शकत नाही. मे १९८६मध्ये तलाक झालेल्या मुसलमान बायकांच्या पोटगीबद्दल नवा कायदा आला, आणि खालाचे वकील म्हणाले, आता हा अर्ज टिकायचा नाही, इद्दतीपुरतं मिळालंय तेवढंच.

ते चुकीचं होतं, हे कळायला २००१ साल उजाडावं लागलं. शाहबानोंचेच वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने कायदा ठेवला आणि त्यातल्या शब्दांकडे बोट दाखवलं: नवऱ्याने वाजवी तरतूद इद्दतीच्या ‘आत’ करायची आहे. इद्दतीपुरती करायची आहे असं त्यात कुठेही नाही. म्हणजे पुढच्या सगळ्या आयुष्याची तरतूद, फक्त ती तीन महिन्यांत. पंधरा वर्षं हे शब्द तिथेच छापलेले होते. तोवर खाला सोडे आणि सुकट विकून दोन मुलींची शाळा करत होती.

त्या काळात घरात हमीदभाईंचं नाव फार निघायचं. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. पंचेचाळिशीही गाठली नाही, १९७७मध्ये गेले, आणि जाताना दफनाऐवजी दहन मागून गेले. आमच्या गावाला मोर्चापेक्षा त्या दहनाचा राग जास्त होता. नाना त्यांच्याबद्दल दार लोटून बोलायचे. नानी मात्र एकदा मोठ्याने म्हणाली, “हमीदचा नाव समदे घेतात. त्या सात बायांची नावां कोण सांगतो?” मी पुढे ही गोष्ट पुण्यातल्या एका सभेत सांगितली तेव्हा मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या. त्याच मंडळाचे सय्यदभाई आपल्या बहिणीच्या तलाकमुळे या कामात आले होते. बहिणीचं दुःख डोळ्यांनी पाहिलेला माणूस वेगळं बोलतो, हे त्यांचं ऐकताना जाणवायचं.

२२ ऑगस्ट २०१७ला शायराबानोंच्या तीन तलाकविरुद्धच्या खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तीन विरुद्ध दोन. त्यांनाही तलाक टपालानेच आला होता. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी बॅचलर यांचं ते जुनं वाक्य उलटं फिरवलं: जे धर्मात वाईट, ते कायद्यातही वाईटच. टीव्हीवर हे चालू असताना खाला उठून आत गेली. मला वाटलं, रडत असेल. ती ते १९८४चं पाकीट शोधत होती.

दोन वर्षांनी कायदा झाला, तीन तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. मला तो पटत नाही. तलाक लागलाच नाही, बाई अजून त्याची बायको आहे, मग नवऱ्याला आत टाकून तिच्या चुलीवर काय शिजणार? कायद्यात निर्वाहभत्ता आहे, मुलांचा ताबा आहे, बायकोचं ऐकल्याशिवाय जामीन नाही, तिची इच्छा असेल तर तडजोडही आहे. तरी खटला घालणारी बाई सासरच्या दारात परत उभी राहू शकत नाही, हे गावात राहणाऱ्या कुणालाही कळतं. यापेक्षा जुलै २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला जास्त मोलाचा वाटतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाखाली पोटगी मागण्याचा हक्क तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही आहे, असं त्यात स्वच्छ सांगितलं. खालाचा अर्ज याच कलमाखाली होता.

नानी हा निकाल ऐकायच्या आधीच गेली. पण त्यापूर्वी, २०१८च्या जानेवारीत, माझ्या भाचीचा निकाह झाला. निकाहाचे वकील आणि दोन गवाह आत तिची संमती घ्यायला आले, रजिस्टर उघडलं, आणि मी खतीबसाहेबांना म्हटलं, एक शर्त लिहायची आहे. याला ‘तलाक-ए-तफवीज’ म्हणतात. नवरा आपला तलाकचा अधिकार निकाहाच्या वेळीच बायकोला सोपवून ठेवतो: दुसरं लग्न केलं, खर्च दिला नाही, हात उचलला, तर ती स्वतः तलाक घेऊ शकते. पैगंबरांनी आपल्या बायकांना राहायचं की जायचं ते निवडायची मोकळीक दिली होती, त्या आयतीचा याला आधार आहे. शास्त्रकारांनी तो मानलेला आहे, भारतातल्या कोर्टांनी मानलेला आहे. खतीबसाहेब तरुण होते, पोथी शिकलेले होते. म्हणाले, जायज आहे, पण रजिस्टरात रकाना नाही. मेहेरचा आहे, गवाहांचा आहे, याचा नाही.

“समासात लिवा,” खाला म्हणाली.

नवऱ्याकडची माणसं कुजबुजली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, शुभकार्यात मोडायची भाषा कशाला? खालाने त्यांना उत्तर दिलं नाही. ती नवऱ्या मुलासमोर जाऊन बसली आणि त्याला विचारलं, तुला चालेल ना बाबा? मुलगा दुबईला नोकरीला होता. त्याने एकदा बापाकडे पाहिलं, मग म्हणाला, चालेल. खतीबसाहेबांनी बारीक अक्षरात पाच ओळी लिहिल्या. खालाने चष्मा लावून त्या वाचल्या, ‘बायको’ या शब्दाच्या जागी भाचीचं पूर्ण नाव लिहायला लावलं, तिथे मुलाची वेगळी सही घेतली, आणि मगच वकिलांना पुढे व्हायला सांगितलं.

जेवणं उरकायच्या आत ती रजिस्टर आणि खतीबसाहेबांना रिक्षात घालून बाजारपेठेत गेली. मी बरोबर होते. झेरॉक्सवाल्याने विचारलं, किती काढू?

“तीन,” खाला म्हणाली. “एक पोरीकडं, एक माझ्याकडं, एक हिच्याकडं. आणि समास कापू नको, बाबा. पान पुरतं येऊ दे.”